डोव्हीआत्याचा डबा

तो व्हरांड्यातला दिवा आधी मालव, टेसा. खोऱ्यातले सगळे किडे माझ्या थंड चहात पोहायला येतात.

आणि कोल, तू असा समोर बस बघू. पाठमोरा नको. तुझ्या पँटच्या मागच्या खिशावर गोल वळ उठलाय, तो मला मघापासून दिसतोय. तंबाखूची डबी काढून कपाटात लपवलीस, पण वळ कुठे लपवणार? तुझ्या बापाच्या खिशावरही तसाच होता. माझ्याही होता. घाबरू नकोस, मी उपदेश करणार नाही. त्यासाठी चर्चमध्ये पाद्री ठेवलाय आपण. मी फक्त व्हर्लीची गोष्ट सांगणार आहे.

"व्हर्ली स्टॅलर्ड? फेब्रुवारीत गेली ती?"

तीच.

"भुताची आहे का आजोबा?"

ते तू ठरव. मी ते घर पाहिलंय, ते हात पाहिलेत. मधलं जे काय आहे ते व्हर्लीने मला भरदिवसा, पायरीवर बसून सांगितलं. आणि ती बाई साठ वर्षांत एकदाच खोटं बोलली होती. त्या खोट्याचीच ही गोष्ट आहे.

तर साल दोन हजार सोळा. मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. रविवारी दफनभूमीत फुलं वाहायची, म्हणून घरोघरी बायका कागदाची फुलं करून मेणात बुडवत बसल्या होत्या. व्हर्ली मात्र दुपारी बादली, तारेचा ब्रश, सोड्याचा साबण आणि ब्लीचची बाटली घेऊन डोव्हीआत्याच्या घरी निघाली. चुलाणापुढच्या दगडावरचा एक डाग काढायचा होता. काम एवढंच.

डोव्हीआत्या म्हणजे व्हर्लीच्या बापाची आत्या, पण सगळं खोरंच तिला आत्या म्हणायचं. रेकॉर्डवर गाणाऱ्या अगदी पहिल्या डोंगरी बायकांतली ती एक. आज शहरात बूट चमकवून, गिटार गळ्यात अडकवून जे गातात ना, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या सुराला तिच्याच विहिरीचं पाणी आहे. आवाज असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं. पण बाई तपकीर धरायची. नाकात ओढायची नव्हे रे, खालच्या ओठात भरायची. झाडाची काडी चावून चावून तिचा कुंचला करायचा, तो डबीत बुडवायचा आणि गालात धरून दिवसभर चोखायचा. हनुवटीवर कायम एक तपकिरी रेघ. पायाशी, खुर्चीच्या डाव्या अंगाला, कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा. त्यात पिंक टाकायची. नेम चुकला की ती जायची चुलाणापुढच्या दगडावर. चाळीस वर्षांत त्या दगडावर जे काही जिरलं होतं, ते पाहून माझ्या आईने त्या घरी कधी पाणी घेतलं नाही.

तोंडात तपकीर असताना आत्या कधी गायची नाही. आधी पिंक. टण्! मग गाणं. ती म्हणायची, "तोंड रिकामं केल्याशिवाय खरं गाणं बाहेर येत नाही. जे येतं ते सगळं खोटं."

पहिल्यांदा रेकॉर्ड करायला कंपनीची माणसं आली, शहरातल्या एका रिकाम्या गोदामात यंत्र मांडून बसली, तेव्हा त्यांनी तो डबा नाक मुरडून बाहेर नेऊन ठेवला. आत्या गप्प. ओठ मिटून बसली ती बसली. दुपार गेली. शेवटी डबा परत आणला. टण् झालं आणि गाणं सुरू झालं. त्या माणसांना ते टण् काही कापता आलं नाही. जुन्या रेकॉर्डी कान देऊन ऐका, प्रत्येक गाण्याआधी आहे ते.

"ती तर घंटा आहे ना? आम्हाला शाळेत सांगितलं होतं."

घंटा! हो, लोकांना घंटाच वाटते. ऐक पुढे.

आत्याचा डबा रोज सकाळी ओतून यायचं काम छोट्या व्हर्लीचं. घरामागे घळ आहे, तिथे. व्हर्ली मला म्हणाली होती, "श्वास कोंडून जायची मी. दोन्ही हातांनी धरायची, कारण रात्रभरात तो जड व्हायचा. आणि वर साय धरलेली असायची." असं म्हणताना साठाव्या वर्षीही तिने तोंड फिरवलं होतं. पण पोरीचा जीव होता आत्यावर. गाणं तिनेच शिकवलं. आणि आत्याने तिच्याकडून एक वचन घेतलं होतं, "व्हर्ली, मी गेल्यावर या घरावरचं छप्पर पडू देऊ नकोस. बाकी काय वाटेल ते होऊ दे."

ते छप्पर पडायला आलं होतं. लाकडी फळ्या कुजल्या होत्या, पाऊस थेट आत्याच्या पलंगावर गळायचा. अजून एक हिवाळा ते घर काढणार नाही असं सगळेच म्हणत होते. व्हर्लीने चर्चमध्ये केक विकले, रस्त्यावर गाड्या धुतल्या, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. काही हाती लागलं नाही. आणि मग शहरातून फोन आला. मिसेस ऑग्डेन नावाच्या बाईचा. विधवा, गडगंज, आणि अशी धर्मशील की तिच्यापुढे देवालाही अवघडल्यासारखं व्हावं. तिला डोव्हीआत्याची भजनं फार आवडायची. ती अख्खं छप्पर नवं घालून देणार होती.

फोनवर ती म्हणाली, "गाण्याआधी ती लहानशी घंटा वाजते ना, तिथेच माझे डोळे भरून येतात. किती निर्मळ मुख असेल त्या माउलीचं! दारू, तंबाखू असलं काही शिवलंही नसेल ना तिला?"

आणि व्हर्ली म्हणाली, "नाही बाई. कधीच नाही."

संपलं. एवढंच ते खोटं. छपरासाठी बोलली बिचारी. मी असतो तर मीही बोललो असतो, आणि मला ते बोलताना गुदगुल्याही झाल्या असत्या. पण व्हर्लीला मात्र ते शब्द तोंडात कडू लागले. तिने फोन ठेवला आणि जाऊन चूळ भरली. शनिवारी सकाळी बाई घर पाहायला येणार होती. म्हणजे शुक्रवारी डाग निघायलाच हवा होता.

तिला सोडायला तिचा दीर होबर्ट आला होता. होबर्ट तुम्हाला आठवत नसेल. एका गालात तंबाखू, दुसऱ्या गालात विनोद, असा माणूस.

घराच्या पायरीशी व्हर्लीने त्याला अडवलं. "तोंडातलं आधी बाहेर टाक."

"वहिनी, अगं डोव्हीआत्याचं घर आहे हे. इथे तोंडात काही नसेल तर आत घेत नाहीत."

"होबर्ट!"

"टाकतो, टाकतो. उद्या ती शहरातली साध्वी आली की मी काय सांगू? दगडावर गुळाची काकवी सांडली होती म्हणू?"

"तू उद्या येऊच नकोस."

"बरं झालं. पवित्र बायकांनी माझ्या अंगाला खाज सुटते."

हसत हसत तो आत गेला. व्हर्लीने त्याला तो डबा दाखवला. गंजलेला, तळाशी डांबरासारखा काळा थर. आत्या गेल्यापासून तो खुर्चीच्या डाव्या अंगालाच होता, कोणी ती जागा बदलली नव्हती. तिने तो आधी घासून पाहिला होता, त्यात रानातल्या लॉरेलची फुलं ठेवून पाहिली होती. सकाळी ठेवलेली फुलं संध्याकाळी काळी पडून माना टाकायची.

"हा घळीत फेकून दे. लांब फेक."

होबर्टने डबा उचलला, आत डोकावला आणि त्याचंही हसू गेलं. "वहिनी... राहू देत का? माळ्यावर ठेवू कुठेतरी. आत्याचा आहे शेवटी."

"आत्याचं छप्पर पाहिजे का डबा पाहिजे?"

डबा घेऊन गेला बिचारा. घळीच्या काठावर उभा राहून त्याने डबा भिरकावला. खाली दगडांवर तो आदळत गेला. टण्... टण्... मग काही नाही.

तो निघून गेला. जाताना म्हणाला, "रात्री थांबू का?" व्हर्ली म्हणाली, "कशाला? तुझं घोरणं ऐकायला?"

घरात वीज नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बॅटरीचा कंदील तेवढा. व्हर्ली गुडघ्यांवर बसली आणि दगड घासायला लागली. आधी साबण, मग ब्लीच. पाणी तपकिरी व्हायचं, ओतायची, परत घासायची. इतक्या वर्षांचं सुकलेलं ते ओलं झालं आणि वास सुटला. गोडसर. कुजकट. म्हातारीच्या तोंडाचा आणि तपकिरीतल्या पुदिन्याचा मिळून. दोनदा उठून तिला दाराबाहेर जाऊन ओकावं लागलं. अंधार पडला तेव्हा दगड मात्र पांढरा झाला होता. पहिल्यांदा तिला त्याचा खरा रंग दिसला.

तिने झुलत्या खुर्चीत बायबल ठेवलं. डाव्या अंगाला, डब्याच्या जागी, काचेची फुलदाणी आणि ताजी लॉरेलची फुलं. शेंगांची भाजी आणि मक्याची भाकरी आणली होती, ती तिने तशीच झाकून ठेवली. हाताला अजून वास येत होता. स्वयंपाकघरात घडीची खाट टाकून ती आडवी झाली. बाहेर रातवा पक्षी ओरडत होता. तो एकदा सुरू झाला की थांबत नाही, ठाऊक आहे ना? शंभर शंभर वेळा तेच. त्याच्या आवाजात तिला झोप लागली.

आणि जाग आली ती तो थांबला म्हणून.

मध्यरात्र उलटून गेली होती. अर्धा चंद्र नुकताच डोंगरावर आला होता, खिडकीतून थोडं आत येत होता. सगळं शांत. रातकिडेसुद्धा नाहीत. आणि वास. सुकलेला नव्हे... ताजा. आत्ता कोणीतरी तोंड उघडल्यासारखा.

तिला वाटलं, होबर्टच. चेष्टा करायला परत आलाय मेला. ती पडल्यापडल्याच म्हणाली, "होबर्ट, आत थुंकलास ना, तर हाच तारेचा ब्रश तुझ्या तोंडात घालीन."

तिने कान दिला.

"होबर्ट?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. एकदा पुढे. एकदा मागे.

तिने कंदील घेतला. उठली. दारापर्यंत आली. प्रकाश आधी दगडावर पडला.

दगड ओला होता.

मधोमध एक डाग, ताटाएवढा. तपकिरी. चकाकत होता. पाणी झिरपलं असेल, दगडाने आतलं बाहेर टाकलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. खाली बसली. बोट लावलं. कोमट होतं... आणि बोटाबरोबर तार वर आली.

किळस कशी असते, ते तुम्हाला वाटतं तुम्हाला माहीत आहे. मी मेंढीच्या जिवंत अंगातून किडे काढलेत. पण कोमट थुंकी अंधारात बोटाला लागणं वेगळं. व्हर्लीने ब्रश उचलला आणि घासायला लागली. वेड्यासारखी. रात्रीच्या गाऊनमध्ये, अनवाणी. पुसलं की गेलं. नजर हलली की परत. पुसलं. परत.

मग मागे थेंब पडला.

आणखी एक.

ती वळली नाही. तिने कंदील तेवढा सरकवला. त्या उजेडात खुर्चीचा पाय दिसला. बायबल जमिनीवर पडलं होतं. आणि खुर्चीच्या डाव्या अंगाला एक हात खाली लोंबत होता.

हात जमीन चाचपत होता.

म्हातारा हात. सुरकुतलेला. बोटांची टोकं तपकिरी. इकडे चाचपला. तिकडे. काचेच्या फुलदाणीला लागला. थांबला. तिच्या काठावरून बोटं फिरवली... आणि तिला बाजूला सारलं. फुलदाणी कलंडली. पाणी व्हर्लीच्या गुडघ्यापर्यंत आलं. हात परत चाचपू लागला. त्याच जागी. गोल गोल. जिथे डबा असायचा.

व्हर्लीने वर पाहिलं.

"बघितलं तिने?"

बघितलं. आत्या बसली होती. शेवटच्या आजारातली. दोन्ही गाल फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले, पांढरे पडलेले. कोपऱ्यातून रेघ हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यावर. तोंड भरलेलं होतं, रे. काठोकाठ भरलेलं. आणि डोळे व्हर्लीवर.

ते डोळे व्हर्लीने आधी एकदा पाहिले होते.

आता हे ऐका, कारण हे तिने अठ्ठेचाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आत्या गेली त्या रात्री, फेब्रुवारीत, व्हर्ली बारा वर्षांची होती. आई दुसऱ्या खोलीत जरा टेकली होती. आत्या जागी झाली. तोंड आलेलं, बोलता येत नव्हतं. तिने हाताने जमीन चाचपली. डबा मागत होती. डबा व्हर्लीच्या हातात होता, आत्ताच ओतून आणलेला, काठावरून तार लोंबत होती. आणि पोर दारात उभी राहिली. आत गेली नाही. तिला ओकारी आली होती. आज नको, आज मला नाही जमायचं, असं झालं तिला. आत्या बघत राहिली. डोळ्यांनी विनवत राहिली. काहीतरी म्हणायचं होतं तिला... काय, देव जाणे. मग तिने ओठ मिटले. गिळायला गेली. गिळता आलं नाही.

आई आली तेव्हा म्हणाली, झोपेत गेली गं.

भरल्या तोंडाने गेली. हे फक्त व्हर्लीला एकटीला माहीत होतं.

आणि आता परत तीच खोली. तोच उंबरा, मागे दोन पावलांवर. दार उघडं होतं. पळता आलं असतं.

"आत्या," व्हर्ली म्हणाली. "आत्या... डबा नाहीये गं."

हात चाचपतच राहिला.

"मी टाकला. घळीत टाकला."

गाल आणखी फुगले. आत काहीतरी हललं. ओठांतून एक थेंब. मग दुसरा. डोळे तेच. विनवणारे. राग असता तरी तिला बरं वाटलं असतं, असं म्हणाली ती मला. राग नव्हता त्यात.

मागे उंबरा.

पुढे ती.

व्हर्ली गुडघ्यांवरच पुढे सरकली. रडत होती. तिने दोन्ही हात पुढे केले. ओंजळ केली. आणि ती त्या हनुवटीखाली धरली.

"टाक," ती म्हणाली. "टाक, आत्या."

...

गरम होतं.

दाट. थांबेचना. ओंजळ भरली, मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळलं. त्यात काडीचे धागे होते. बोटांच्या फटींतून बुळबुळीत खाली पडत होतं. वास नाकात, घशात, पोटात. व्हर्लीने मान फिरवली आणि खांद्यावर ओकली. पण हात सोडले नाहीत. हात तेवढे सोडले नाहीत, पोरांनो.

मग थांबलं.

तोंड रिकामं झालं. उघडंच राहिलं. आत नुसता अंधार. आणि त्या अंधाराने श्वास घेतला... लांब. छाती भरून. गाणं सुरू करायच्या आधी घेतात ना... तसा.

...

"मग? गायली का ती?"

...

"आजोबा?"

कंदील गेला. पुढचं व्हर्लीने मला सांगितलं नाही. मी विचारलं होतं, टेसा. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी परत विचारलं नाही.

सकाळी, बाई येणार म्हणून चर्चमधली बाकं उतरवायला मी ट्रक घेऊन पोचलो तेव्हा ती पायरीवर बसली होती. केस विंचरलेले, चर्चचा निळा झगा घातलेला. दोन्ही मुठी आवळून मांडीवर. मी म्हटलं, "काय गं, मुठीत काय लपवलंयस?" तिने मुठी आणखी आवळल्या. मी आत डोकावलो. दगड पांढराशुभ्र. कोरडा. फुलदाणी कलंडलेली, फुलं ताजी. होबर्टची चेष्टा असेल, कंदिलाचे सेल गेले असतील, असं मीही म्हटलं असतं. मी तिच्याशेजारी बसलो तेव्हा तिने मला सांगायला सुरुवात केली. सांगून संपवलं तोवर मिसेस ऑग्डेनची गाडी खोऱ्यात शिरताना दिसली. मी म्हटलं, "व्हर्ली, झाकली मूठ राहू दे. छप्पर होऊन जाऊ दे. मग देवाला सांग काय सांगायचं ते."

बाई उतरली. मोत्यांची माळ, पांढरे बूट, अंगाला लॅव्हेंडरचा घमघमाट. घराकडे पाहून तिने हात जोडले. मग त्यातला एक हात व्हर्लीपुढे केला.

व्हर्ली उठली. आणि तिने मुठी उघडल्या.

तळवे तपकिरी होते. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. कोरडे. रेषान् रेषा त्या रंगाने भरलेली. शेतात तंबाखूची पानं खुडताना हात काळे होतात, ते मी जन्मभर पाहिलेत. ते राखेने घासले की जातात. हे तसलं नव्हतं.

बाईने हात हातात घेतला होता, आणि मग तिने खाली पाहिलं. "हे काय लागलंय तुम्हाला?"

"तपकीर," व्हर्ली म्हणाली. "डोव्हीआत्याची. जन्मभर धरायची ती. आणि ती घंटा नव्हे, बाई. पिंक आहे ती. डब्यात टाकलेली पिंक. गाण्याआधी तोंड रिकामं करायची आत्या."

बाईचा चेहरा... मला तो आठवला की अजून हसू येतं आणि अजून मळमळतं. इतकी वर्षं जिथे तिचे डोळे भरून यायचे, ते काय होतं, हे तिला आत्ता कळलं होतं. तिने पर्समधून रुमाल काढला. एकेक बोट पुसलं. नखाखालचंसुद्धा. मग तो रुमाल चिमटीत धरून पायरीच्या कठड्यावर टाकला आणि गाडीत बसून गेली. त्या सगळ्या प्रकारात मला सगळ्यांत जास्त किळस कशाची आली असेल, तर त्या रुमालाची. मी तो काठीने उचलून चुलाणात जाळला. आणि माझ्या खिशातली पुदिन्याच्या तंबाखूची डबीही त्याच्यावर टाकली. का, ते विचारू नका. त्या दिवसापासून पुदिन्याचा वास आला तरी मला ढवळतं.

छप्पर? छप्पर आम्ही घातलं. होबर्टने त्याचं तंबाखू वाळवायचं जुनं गोदाम पाडलं, त्याचे पत्रे काढले. खोऱ्यातली दहाबारा माणसं दोन शनिवार राबली. वाकडंतिकडं आहे, कोठीच्या कोपऱ्यात गळतं, पण उभं आहे. होबर्ट घळीत उतरून डबाही शोधून आला. सापडला नाही. व्हर्लीने मग नवा कॉफीचा डबा आणून त्या जागी ठेवला, आणि लोक आले की सांगायची हे कशासाठी ते. काही नाक मुरडायचे. ती हसायची. पण हात कायम झग्याच्या खिशात. साबण, राख, लिंबू, डॉक्टरांची मलमं, सगळं करून झालं. रंग तसूभर हलला नाही.

या फेब्रुवारीत ती गेली. शांत गेली, मी होतो तिथे. अंत्यसंस्कारवाल्या माणसाने तिला तयार केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, हात घासून घासून दमलो, रंग निघत नाही, पांढरे हातमोजे चढवू का? मी म्हटलं चढव. शवपेटीत ती छान दिसत होती. निळा झगा, छातीवर पांढरे हात. चर्चमध्ये गाणं सुरू झालं, आत्याचंच भजन. मी पहिल्या बाकावर होतो. दुसऱ्या कडव्याला मोज्यांच्या तळव्यांवर ठिपके उमटले. तपकिरी. आतून. ठिपक्याचा वाढत वाढत डाग झाला आणि झग्यावर ओघळ आला.

त्या माणसाने घाईघाईने मोजे बदलले. गाणं संपेपर्यंत तेही भरले.

झाकण लावलं तेव्हा तिच्या हातात तिसरा जोड होता. खांदा देताना माझा हात पेटीच्या खालच्या फळीला लागला. फळी ओली होती. आणि कोमट.